आई-बाबांना घेऊन दुबई : पाच दिवसांत नेमकं काय बघावं?

पागोळी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना दुबई दाखवायला नेतेय. पाच दिवस, चार रात्री. आई ६८ वर्षांची, चालायला खणखणीत. बाबा ७३, डाव्या गुडघ्याचं दुखणं आहे, अर्धा तास चालले की बसावं लागतं. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास, पासपोर्टसुद्धा याच वर्षी काढले.

एका प्रवासी कंपनीनं कार्यक्रम पाठवलाय. पहिल्या दिवशी मरीनामध्ये बोटीवर जेवण. दुसऱ्या दिवशी बसमधून शहर, त्यात बुर्ज अल अरब या हॉटेलसमोर फोटोला दहा मिनिटं. मग वाळवंटातली सफारी, चौथ्या दिवशी बुर्ज खलिफा आणि दुबई मॉल, शेवटी फुलांची बाग आणि खरेदी. मला ठीक वाटला होता. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि एवढंच विचारलं, "यात बंदर कुठंय?"

बाबा ३४ वर्षं मुंबई बंदरात टॅली क्लार्क होते. किती नग चढले, किती उतरले, याचा हिशेब ठेवायचं काम. दुबईचं नाव आमच्या घरात आलं ते टॉवरमुळे नाही, पेट्यांवरच्या खुणांमुळे. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिथं राहणाऱ्यांनी, किंवा वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आलेल्यांनी सांगा ना. हा कार्यक्रम घेऊ, की स्वतः आखू?

करामाकर

पागोळीताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. हे शहर समजून घ्यायचं तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. मी १९ वर्षं इथे आहे आणि गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाला आधी खाडीवर नेतो, टॉवर नंतर.

दुबई म्हणजे मुळात ही खाडी. समुद्राचं पाणी आत शिरलंय, एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला देरा. खाडी गाळानं भरत चालली होती, मोठी गलबतं आत येईनात. तेव्हा दुबईचे राज्यकर्ते शेख रशीद यांनी कर्ज काढून ती उपसून घेतली, हे काम १९५९ नंतरचं. तेल सापडलं १९६६ मध्ये. म्हणजे तेलाचा पैसा नव्हता तेव्हा या लोकांनी कर्जाचा पैसा गाळ काढण्यात घातला. पुढे १९७२ मध्ये पोर्ट रशीद आणि १९७९ मध्ये जेबेल अली, ही दोन मोठी बंदरं. टॉवर, मॉल, विमानतळ हे सगळं त्या गाळावर उभं आहे असं मी समजतो.

तुमचा पहिला दिवस असा करा. सकाळी आठ-साडेआठला, उन्हं कोवळी असताना, टॅक्सीनं अल फहिदी वस्तीत उतरा. इराणमधल्या बस्तकहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली वाडी, म्हणून जुनी माणसं अजून बस्तकिया म्हणतात. घरं प्रवाळाच्या दगडाची, वरून चुन्या-जिप्समचा गिलावा, आणि गच्चीवर चौकोनी वारामनोरे. त्या मनोऱ्याला अरबीत बर्जील म्हणतात. चारी बाजूंनी उघडा, आत तिरप्या भिंतींनी चार भाग केलेले. वारा कुठूनही येवो, एका भागातून खाली खोलीत उतरतो आणि गरम हवा दुसऱ्या भागातून वर निघून जाते. आईंना एखाद्या मनोऱ्याच्या बरोबर खाली उभं करा, डोक्यावर गार झुळूक येते. बोळ इतके अरुंद की दिवसभर सावली असते, बाबांना बसायला अंगणं आणि बाकडी मिळतात. १९८० च्या दशकात या वस्तीचा बराच भाग पाडला गेला, उरलेला लोकांनी धडपड करून वाचवला.

तिथून खाडीकाठानं कापडबाजारातून अब्रा धक्क्यावर या. अब्रा म्हणजे लाकडी उघडी होडी, मधोमध बाक, माणसं पाठीला पाठ लावून बसतात. पलीकडे जायचं भाडं १ दिरहॅम. सुटं नाणं हातात ठेवा, होडीवाल्याच्या हातात द्यायचं. चढता-उतरताना होडी हलते, बाबांचा हात धरा आणि त्यांना काठाच्या जागेवर बसवा. पाचेक मिनिटांत देरा. उतरलात की समोर मसाल्यांचा बाजार, त्याच्या मागे सोन्याचा.

आणि बाबांचं बंदर? देऱ्याच्या काठानं पुढे गेलात की गलबतं ओळीनं लागलेली दिसतील. इराण, सोमालिया, येमेनकडे माल नेणारी. फ्रिज, टायर, बिस्किटांचे खोके, गाद्या, सगळं धक्क्यावर रचून ठेवलेलं. या ठिकाणी घाई करू नका.

निळी_शाई

करामाकर, फार छान लिहिलंत. बाबांसाठी थोडी भर घालते, कारण या खाडीचं आणि मुंबईचं नातं त्यांना आवडेल.

तेलाआधी इथलं उत्पन्न मोत्यांचं. उन्हाळ्याचे चार महिने माणसं समुद्रात. नाकाला चिमटा, पायाला दगड, एका दमात तळाशी जायचं आणि शिंपले घेऊन वर. हे मोती विकले जायचे कुठे, तर मुंबईत. आखातातल्या मोत्यांची सगळ्यात मोठी पेठ आपलीच होती. पुढे जपाननं शिंपल्यात मोती पिकवायचं तंत्र काढलं, त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी आली आणि इथले धंदे बसले. काही वर्षं या किनाऱ्यावर खरोखर उपासमार झाली.

दुसरी गोष्ट पैशाची. दुबईत आपला रुपया चालायचा. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा बसावा म्हणून १९५९ पासून रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, तोच 'गल्फ रुपी'. जून १९६६ मध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं आणि मग इथल्यांनी तो सोडला. दिरहॅम आला १९७३ मध्ये. १९०९ साली दुबईत पहिलं टपाल कार्यालय उघडलं तेसुद्धा भारतीय टपाल खात्याचंच.

हे सगळं बघायचं तर शिंदाघा. खाडीच्या तोंडाशी जुन्या घरांमध्ये संग्रहालय केलंय. खाडीच्या इतिहासाचं दालन आहे, अत्तरांचं वेगळं घर आहे. जुने राज्यकर्ते शेख सईद यांचा वाडा १८९६ चा. मी तिथे एका जुन्या छायाचित्रासमोर कितीतरी वेळ उभी होते. त्यात फक्त वाळू, झावळ्यांच्या झोपड्या आणि पाण्यात गलबतं. ज्या मैदानात आता सात-सात पदरी रस्ते आहेत तिथे एक झाडसुद्धा नव्हतं.

दूरचा_दिवा

मी थोडं वेगळं मत मांडतो, पागोळीताई रागावू नका.

जुनी दुबई जरूर दाखवा, पण बाहेरून येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आपण आपल्या आवडीचं 'खरं शहर' दाखवायला जातो आणि त्यांना हवं ते राहून जातं. माझी आई सोलापूरची, सातवी शिकलेली. तिला फक्त बुर्ज खलिफा बघायचा होता. वर नेलं तेव्हा ती काचेला हात लावून गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "माणसानं एवढं केलं?" तिला मोती आणि गलबतं नको होती. तो तिचा आनंद खोटा नव्हता.

शिवाय खाडीकाठचं सगळंच जुनं नाही. अल सीफ नावाचा जो भाग दाखवतात तो २०१७ चा आहे, भिंती मुद्दाम जुन्या दिसतील अशा केल्यात. संध्याकाळी फिरायला सुरेख आहे, बसायला भरपूर जागा आहे, पण त्याला ऐतिहासिक समजून फोटो काढू नका.

करामाकर

दूरचा दिवा, अल सीफबद्दल तुमचं बरोबर आहे. लोक तिथेच थांबतात आणि अल फहिदी पाच मिनिटांवर असून बघत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आईंचा प्रसंगही फार सुंदर. टॉवर बघू नका असं मी म्हणणारच नाही. आधी खाडी बघितली की टॉवर जास्त उंच वाटतो, एवढंच माझं म्हणणं.

सळईवाला

टॉवरचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी स्थापत्य अभियंता, आखातात ११ वर्षं काम केलं, त्यातली चार दुबईत. बुर्ज खलिफावर मी नव्हतो, पण त्या कामावरची माणसं माझ्यासोबत होती.

उंची ८२८ मीटर, मजले १६३. जानेवारी २००४ मध्ये खोदाई सुरू झाली, ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन. तोवर सगळे बुर्ज दुबई म्हणत, उद्घाटनाच्या दिवशी नाव बदललं, अबुधाबीचे शेख खलिफा यांच्यावरून. वरून बघाल तर आकार तीन पाकळ्यांचा आहे. मधे षट्कोनी गाभा आणि तीन पंख त्याला टेकू देतात. एका पंखावर वारा आदळला की दुसरे दोन त्याला धरून ठेवतात. वर जाताना इमारत टप्प्याटप्प्यानं, फिरत-फिरत बारीक होत जाते, ती शोभेसाठी नाही. प्रत्येक उंचीवर आकार बदलल्यामुळे वाऱ्याचे भोवरे एका तालात तयारच होत नाहीत. अशा उंचीवर वजनापेक्षा वाऱ्याची भीती मोठी.

खाली १९२ पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेले काँक्रीटचे खांब, आहेत. उन्हाळ्यात काँक्रीट दिवसा ओतताच येत नसे, इतकं लवकर आवळायचं. म्हणून रात्री ओतायचे आणि पाण्याऐवजी काही भाग बर्फ घालायचे. ते काँक्रीट पंपानं ६०० मीटरच्या वर चढवलं. बाबांना हे नक्की सांगा. माल वर चढवणं काय असतं हे गोदीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मला फार आवडते. सूर्य मावळलेला खाली दिसतो, पण वरच्यांना तो अजून दिसत असतो. म्हणून रमजानमध्ये ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० व्या मजल्याच्या वरच्यांनी तीन मिनिटं, असं २०११ मध्ये इथल्या धर्मपंडितांनी सांगितलं. एकाच इमारतीत तीन सूर्यास्त.

आणि वर उभं राहाल तेव्हा सळई बांधणाऱ्यांचीही आठवण ठेवा. आपल्याकडचे, पाकिस्तानातले, बांगलादेश-नेपाळचे. मार्च २००६ मध्ये याच जागेवर कामगारांनी पगार आणि वागणुकीसाठी आवाज उठवला होता. आता १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे. तेवढे अडीच तास काय असतात हे मी ४६ अंशांत छताच्या स्लॅबवर उभं राहून पाहिलंय. त्या पोरांच्या हातांवरून मला अजून कुठल्याही काचेच्या इमारतीकडे नुसतं बघता येत नाही.

तिकिटाचं : १२४-१२५ मजल्यांचं घ्या, ते पुरतं. सूर्यास्ताच्या वेळेचं महाग असतं. जानेवारीत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणून चारची वेळ घेऊन वर सावकाश थांबा. कुणी हुसकावत नाही.

पागोळी

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. प्रवासी कंपनीला नको म्हणून कळवलं. फक्त विमान, व्हिसा आणि हॉटेल बुक केलं, हॉटेल बर दुबईत, खाडीपासून जवळ.

आता काही साधे प्रश्न. बाबांची रक्तदाबाची आणि गुडघ्याची औषधं नेता येतील ना? आई अनारसे आणि डिंकाचे लाडू करून नेणार म्हणतेय. मेट्रो म्हाताऱ्यांना जमेल का? आणि सफारी करावी की नाही?

करामाकर

अनारसे थांबवा! खसखस यूएईमध्ये बंदी असलेल्या पदार्थांत येते. आपल्याला ती मसाल्याच्या डब्यातली गोष्ट वाटते, इथे ती अफूच्या बोंडातली गोष्ट आहे. अनारशाला लावलेली, लाडवात घातलेली, गरम मसाल्यात कुटलेली, कुठलीच आणू नका. आईंना सांगा, लाडू बिनखसखशीचे करा, ते चालतील. विड्याची पानंही आणू नका.

औषधं : डॉक्टरांची चिठ्ठी सोबत, मूळ पाकिटात, लागतील तेवढीच. रक्तदाबाच्या गोळ्यांना अडचण येत नाही. गुडघ्यासाठी ट्रामाडोल किंवा कोडीन असलेलं काही देत असतील तर ती नियंत्रित औषधं आहेत, त्यासाठी इथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन काढावी लागते. डॉक्टरांना दुसरं काही देता येईल का विचारा.

मेट्रो छान जमेल. २००९ च्या ९ सप्टेंबरला रेड लाइन सुरू झाली, चालकाशिवाय धावते. नोल कार्ड, म्हणजे भाड्याचे पैसे भरून ठेवायचं कार्ड, घ्या. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. दोन गोष्टी सांभाळा : बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, गुलाबी पट्टी दिसली की बाबांनी तिथे चढायचं नाही. आणि आत खाणं-पिणं, च्युइंग गमसुद्धा, दंडाला कारण. पाण्याची बाटली उघडू नका.

मात्र दुबई मॉलला मेट्रोनं जाऊ नका. स्टेशनपासून मॉलपर्यंतचा बंद पूल ८०० मीटरहून लांब आहे. सरकते पट्टे आहेत, तरी गुडघा दुखणाऱ्याला तो संपता संपत नाही. टॅक्सीनं थेट मॉलच्या दाराशी उतरा आणि आत व्हीलचेअर मागून घ्या. मागायला संकोच वाटू देऊ नका, मॉल फार मोठा आहे.

आणखी : व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातात, कॉल लागत नाही, घरच्यांना आधीच सांगून ठेवा म्हणजे काळजी करणार नाहीत. इथली भिंतीतली खोबण जाड चौकोनी तीन पिनांची, अडॅप्टर आणा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. शुक्रवारी दुपारी बाजार नमाजासाठी बंद असतो, त्या दिवशी सोन्याच्या बाजारात चारनंतर जा.

वेंगुर्ल्याची_माई

सफारीबद्दल कळकळीनं सांगते, पागोळी. तुझ्या वयाची माझी लेक आहे म्हणून अगं-तुगं करते.

मी ६५ व्या वर्षी गेले होते. ज्या कंपनीनं नेलं तिनं पाठीच्या दुखण्याचं विचारलंच नाही. गाड्या टायरची हवा कमी करून वाळूच्या टेकड्यांवरून वर-खाली उडवतात. पोरासोरांना मजा येते. मला मात्र चाळीस मिनिटं कठडा धरून बसावं लागलं, परतल्यावर आठवडाभर पाठ धरली होती. तळावर पोचलो तर मोठ्ठा आवाज, रांगेत जेवण, आणि ज्या वाळवंटासाठी आले ते कुठे दिसेना.

दुसऱ्यांदा लेकानं गाडी करून अल कुद्राला नेलं. वाळवंटात खणून केलेली तळी, काठाला घाफची झाडं. आम्ही चटई टाकून बसलो. सूर्य बुडाला तशी वाळू आधी केशरी, मग गुलाबी, मग राखाडी झाली. सगळं इतकं शांत की आपला श्वास ऐकू येतो. समुद्राच्या माणसाला मला ते वेगळं वाटलंच नाही, वाळूला तशाच लाटा असतात. येताना रस्त्याच्या कडेला ओरिक्स दिसला, पांढराशुभ्र, लांब सरळ शिंगांचा. हा प्राणी जंगलातून पार नाहीसा झाला होता, पाळून-वाढवून पुन्हा सोडलाय.

तुझ्या बाबांना तसंच ने. सोबत थर्मासमध्ये चहा आणि अंगावर घ्यायला शाल. जानेवारीत रात्री वाळवंटात चांगलीच थंडी पडते, ती कुणी सांगत नाही.

अग्निपंख

कुणीच रास अल खोर लिहिलं नाही म्हणून धावत आले.

खाडी आत-आत जाऊन पूर्वी जिथे संपायची तिथे चिखलाचं विस्तीर्ण उथळ पाणी आहे. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात, शेकड्यांनी. निरीक्षणासाठी लाकडी आडोसे बांधलेत, दुर्बिणी ठेवलेल्या असतात, प्रवेशाला पैसे नाहीत. टॅक्सीतून उतरून थोडंच चालायचं, बाबांना जमेल. पुढे गुलाबी पक्षी, मागे क्षितिजावर बुर्ज खलिफा.

मी ऐरोलीची. ठाण्याच्या खाडीतले रोहित बघत मोठी झाले, त्यामुळे तिथे उभं राहिल्यावर घशाशी आलं. पाण्याच्या कडेला जी झाडं दिसतात तीसुद्धा आपलं तिवरच, एकच जात, अ‍ॅव्हिसेनिया मरीना. इतक्या खाऱ्या पाण्यात आणि इतक्या उन्हात तग धरणारं खारफुटीचं झाड त्या किनाऱ्यावर तेवढंच. रास अल खोरला रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, २००७ मध्ये मिळाला, आपल्या ठाणे खाडीला २०२२ मध्ये. भरभराटीच्या शहरानं ऐन मध्यावर एवढी जागा चिखलाला ठेवली याचं मला फार अप्रूप आहे. आपल्या खाडीकाठी भराव पडताना बघते तेव्हा ते आडोसे आठवतात.

दूरचा_दिवा

अग्निपंख, हे मला माहीतच नव्हतं! चार वेळा दुबई झाली. पुढच्या वेळी नक्की.

पागोळीताई, पाम जुमेरा या ताडाच्या झाडाच्या आकाराच्या कृत्रिम बेटाबद्दल एक. मोनोरेलनं जाऊन लोक निराश होतात, कारण जमिनीवरून ते झाडासारखं दिसतच नाही, नुसत्या इमारती दिसतात. 'द व्ह्यू' नावाचं ठिकाण ५२ व्या मजल्यावर, २४० मीटरवर आहे, तिथूनच तो आकार कळतो. वाळवंटातली वाळू असून हे बेट समुद्रतळाच्या वाळूचं का केलं, तेही तिथे समजतं.

सळईवाला

कारण सोपं आहे. वाळवंटातली वाळू वाऱ्यानं घासून-घासून गोल आणि बारीक झालेली असते, दाबली तरी एकमेकींत अडकत नाही. समुद्रातली धारदार, ती बसते. जहाजांतून कमानीसारखी फवारून टाकली. बाहेरची लाटा अडवणारी दगडी भिंत आधी अखंड होती, पण आतलं पाणी साचून राहू लागलं म्हणून तिला मधे खिंडारं ठेवली.

निळी_शाई

राहिलेलं पटकन. म्युझियम ऑफ द फ्यूचरची तिकिटं आधी संपतात. नाही मिळालं तर बाहेरून बघा, भिंतीवरची अरबी अक्षरं याच खिडक्या आहेत आणि मला आतल्यापेक्षा बाहेरचंच जास्त आवडलं. दुबई फ्रेम १५० मीटरची चौकट, एका बाजूला जुनं शहर, दुसऱ्या बाजूला नवं. बाबांना तिथून खाडी दाखवा. जुमेरा मशिदीत मुस्लिमेतरांना नेऊन सगळं समजावून सांगतात, प्रश्न विचारू देतात, तो एक तास मला फार मोलाचा वाटला. आणि देवळात जायचं असेल तर बर दुबईचं शिवमंदिर २०२४ च्या सुरुवातीला जेबेल अलीला हललं, जुन्या जागी शोधत फिरू नका.

अबुधाबी या फेरीत नको. शेख झायेद मशीद अपूर्व आहे, पण जाण्या-येण्यात दिवस जातो आणि चालणं खूप.

पागोळी

परत येऊन आठवडा झाला. धागा वर काढते, कारण तुम्हाला सांगितल्याशिवाय सहल पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

अनारसे घरीच राहिले. आईनं आल्यावर केले.

आईला सगळ्यात काय आवडलं? मला वाटलं होतं सोन्याचा बाजार. तिथे ती फिरली, एका दुकानाच्या खिडकीत सोन्याचा अख्खा अंगरखा होता तो बघून हसली आणि पुढे निघाली. तिला आवडला वारामनोरा. करामाकर, तुम्ही सांगितलंत तसं तिला खाली उभं केलं. तिनं पदर सारखा केला, वर बघितलं आणि म्हणाली, "आमच्या माहेरच्या माडीवर असाच वारा यायचा." मग ती तिथून हलेना. मसाल्यांच्या बाजारात वाळलेली काळी लिंबं घेतली, इकडे आमटीत एक टाकून बघितलं, छान लागलं. लोबान घेतला, देवघरात रोज लावतेय.

बुर्ज खलिफावर चारच्या वेळेनं गेलो. सळईवाला, बाबांना मी बर्फाचं आणि पंपाचं सांगितलं. ते बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "सहाशे मीटर. आमच्याकडे क्रेन बंद पडली की दोन मजल्यांवर माल चढत नसे." तीन सूर्यास्तांचं ऐकून आई हरखली. दिवे लागेपर्यंत थांबलो.

माई, अल कुद्राला शाल घेऊन गेलो, थर्मासही होता. तुमचं ऐकलं नसतं तर कुडकुडलो असतो. रोहित पक्षी खूप दिसले, अग्निपंख, मोजायचा प्रयत्न बाबांनी केला आणि ४०० च्या पुढे सोडून दिला. ते उडाले की मोजणी चुकते म्हणाले. पाम आणि फ्रेम जमलं नाही, वाईट वाटलं नाही.

आता बंदराचं. पहिल्याच सकाळी देऱ्याच्या काठाला पोचलो. अब्रातून उतरताना होडीवाल्यानंच बाबांना आधार दिला. गलबतांची रांग दिसली आणि बाबांची चाल बदलली. गुडघा विसरूनच गेले. धक्क्यावर उघड्यावर रचलेला माल बघून त्यांना खरं वाटेना. फ्रिजच्या पेट्या, टीव्ही, टायर, वर नुसती ताडपत्री आणि राखण कुणाची दिसेना. "असंच सोडतात? रात्रीसुद्धा?" एका गलबतावरचा खलाशी कच्छचा निघाला, मांडवीचा. हिंदीत गप्पा सुरू झाल्या. माल कुठला, कुठे चाललाय, चिठ्ठी कोण करतं, आत रचताना जड खाली की मधे. आई आणि मी बाकावर बसलो. दीड तास.

शेवटच्या दिवशी विमान दुपारचं होतं. मी विचारलं, कुठे जायचं? मॉल, समुद्रकिनारा? बाबांनी बोट दाखवलं नाही, नुसते टॅक्सीत बसले आणि चालकाला स्वतः सांगितलं, "देरा, अब्रा." तेच गलबत भरत होतं. खलाशानं हात केला. माणसं खांद्यावरून खोके आत नेत होती आणि बाबा काठावर उभे राहून ओठ हलवत होते. मी जवळ गेले तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, मधे बोलू नको म्हणून. लहानपणी गोदीत त्यांना डबा द्यायला जायचे तेव्हा असाच हात वर व्हायचा.

शेवटचा खोका आत गेला. बाबांनी खिशातून विमानाच्या तिकिटाचं पाकीट काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेननं लिहिलं, २१८.